चिमासाहेब महाराज आणि बलिष्ठांचे दोन न्याय

कोल्हापूरच्या छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब महाराज १८६९ साली कराचीत निवर्तले, तेव्हा त्यांच्या बंदिवासाला सुमारे अकरा वर्षे झाली होती. या अकरा वर्षांत त्यांच्यावर कोणत्याही न्यायालयात खटला चालला नाही, आरोपपत्र ठेवले गेले नाही, शिक्षेची मुदतही कोणी ठरविली नाही. ज्या सत्तेने त्यांना पकडले ती त्यांची सार्वभौम सत्ता होती असेही काटेकोरपणे म्हणता येत नव्हते. कारण कोल्हापूर हा कंपनी सरकारच्या मुलखाचा भाग नव्हता. ते कंपनीशी तहाने बांधलेले राज्य होते, आणि तह हा दोन राज्यांमध्ये होतो. परक्या राज्यातील राजपुत्राला सैन्याच्या बळावर उचलून शेकडो कोस दूर नेऊन ठेवावे आणि त्याचा जाब कोणी विचारू नये, ही गोष्ट ज्या काळात घडली, त्याच काळात इंग्लंड युरोपात लहान राष्ट्रांच्या स्वातंत्र्याचा कैवारी म्हणून मिरवत होते. चिमासाहेबांच्या नावाने कोल्हापुरात चौक आहे आणि सत्तावन्नच्या वीरांत त्यांची गणना होते. त्यांच्या चरित्राचा हा दुसरा अर्थ मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि आजच्या जगात तोच अधिक बोधप्रद आहे.

कोल्हापूरचे राज्य महाराणी ताराबाईंनी उभे केले. पेशवाईच्या भरभराटीतही ते पेशव्यांच्या हाताखाली गेले नाही. भांडत, झगडत, कधी हरत ते आपले वेगळेपण टिकवून राहिले. मालवणसारखे बंदर ताब्यात असल्यामुळे इंग्रजांशी त्याचा संबंध समुद्रावरून आला. इंग्रज व्यापाऱ्यांच्या गलबतांना कोल्हापूरच्या आरमाराचा उपद्रव होई, म्हणून मुंबईकर इंग्रजांनी १७६५ साली मालवण घेतले, नंतर तह करून परत दिले. अखेर १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. कोल्हापूरने इंग्रजांच्या मध्यस्थीवाचून अन्य राज्यांशी युद्ध करू नये आणि मोबदल्यात इंग्रजांनी कोल्हापूरचे परचक्रापासून रक्षण करावे, असा त्या तहाचा मथितार्थ होता. पेशव्यांच्या जाचाने त्रासलेल्या दरबाराला हा सौदा तेव्हा फायद्याचा वाटला असल्यास नवल नाही. संरक्षणाचे आश्वासन हीच पुढे हस्तक्षेपाची सनद ठरते, हे कळायला अजून काही वर्षे जायची होती.

चिमासाहेबांचे वडील शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराज गादीवर येण्यापूर्वी, १८१७-१८ च्या युद्धात, कोल्हापूर दरबाराने पेशव्यांविरुद्ध इंग्रजांना साथ दिली. त्याबद्दल चिकोडी आणि मनोळी हे परगणे दरबाराला मिळाले. पण पेशवाई संपताच मित्राची गरजही संपली. बुवासाहेब स्वभावाने उग्र होते, त्यांनी शेजारच्या जहागीरदारांच्या मुलखावर स्वाऱ्या केल्या, लूटमार केली. हे नाकारण्यात अर्थ नाही. इंग्रजांनी फौजा पाठविल्या आणि १८२६ ते १८२९ या अल्पावधीत एकामागून एक तह लादले. चिकोडी-मनोळी परत गेले. १८२९ च्या तहाने राजाची फौज ४०० स्वार आणि ८०० पायदळ एवढ्यावर आणली गेली, पन्हाळ्यावर आणि कोल्हापुरात इंग्रजी शिबंदी बसली आणि कारभारी नेमण्याचा अधिकारही इंग्रजांकडे गेला. तह हे नाव कायम राहिले. त्यातील दुसरा पक्ष मात्र उरला नाही. बुवासाहेबांनी अशा अवस्थेत १८३८ साली देह ठेवला. त्यांच्यामागे बाबासाहेब आणि चिमासाहेब हे दोन अल्पवयीन पुत्र होते. थोरल्याला गादी मिळाली. धाकट्याच्या वाट्याला आले ते परक्यांच्या मर्जीने चालणाऱ्या राजवाड्यातील बालपण.

अल्पवयीन राजाच्या नावाने राजमाता, दिवाणसाहेब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या चुलती आणि कारभारी मंडळ राज्य पाहू लागले. त्यांच्यात बेबनाव झाला, कारभार ढासळला आणि इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना आपल्या वतीने कारभारी नेमले. पंडितांनी सुधारणा आरंभिल्या. त्यांपैकी काही आवश्यकही होत्या. पण त्या करताना त्यांनी गडकऱ्यांच्या जमिनींना हात घातला. किल्ल्यांवरील शिबंदीला पिढ्यान्‌पिढ्या रोख पगाराऐवजी जमिनी तोडून दिलेल्या असत. त्या जमिनी मामलेदाराच्या देखरेखीखाली घेण्याचा हुकूम सुटताच गडकऱ्यांना आपल्या अन्नावरच घाला आल्यासारखे वाटले. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगड आणि भुदरगड यांनी दरवाजे बंद केले आणि बंडाचा वणवा पन्हाळ्यापर्यंत पोहोचला. साताऱ्याचे इंग्रज रेसिडेंट कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असताना गडकऱ्यांच्या हाती सापडले आणि त्यांना पन्हाळ्यावर कोंडण्यात आले. प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली साताऱ्याच्या गादीवरून काढण्याच्या प्रकरणात ज्यांचा हात होता, तेच हे ओव्हान्स. बंडखोरांनी त्यांना पुढे सोडून दिले, पण इंग्रजी तोफा थांबल्या नाहीत. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा. किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली, गडकऱ्यांची व्यवस्था मोडून टाकण्यात आली, राज्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती गेला.

या मोहिमेची सर्वांत बोलकी बाब तिच्या हिशेबात आहे. मोहिमेचा खर्च कोल्हापूर दरबाराच्या नावे टाकण्यात आला. राजा अज्ञान होता. कारभारी इंग्रजांनी नेमलेला होता. ज्या हुकुमामुळे बंड झाले तो त्याच कारभाऱ्याचा होता. फौज इंग्रजांनी आणली. आणि देणे मात्र कोल्हापूरचे ठरले. खर्च वसूल करायचा तेव्हा कोल्हापूर हे स्वतंत्र, जबाबदार राज्य होते. हुकूम चालवायचा तेव्हा ते तसे नव्हते. एकाच राज्याला दोन मापे कशी लावता येतात याचा हा वस्तुपाठ चिमासाहेबांनी कोवळ्या वयात पाहिला. ज्या गडांच्या आश्रयाने त्यांच्या पूर्वजांनी राज्य राखले होते, ते गड उद्ध्वस्त होताना त्यांनी पाहिले. त्यांच्या मनात पुढे जो सल राहिला असेल, त्याचे मूळ शोधायला फार दूर जायला नको.

त्याच सुमारास युरोपात काय चालले होते, हेही पाहण्यासारखे आहे. १८४९ साली रशियाने हंगेरीत फौजा घालून तेथील स्वातंत्र्ययुद्ध ऑस्ट्रियाच्या वतीने चिरडले, तेव्हा इंग्लंडातील लोकमत खवळून उठले. हंगेरीचे नेते कोशूत १८५१ साली इंग्लंडात आले तेव्हा त्यांचे जंगी स्वागत झाले. त्याआधी, १८४८ साली, सातारा खालसा झाला होता आणि १८४९ मध्येच पंजाब. पुढे रशियाने तुर्कस्तानावर दडपण आणले, तेव्हा तुर्कांच्या स्वातंत्र्यासाठी इंग्लंडने क्रिमियात युद्ध केले आणि मार्च १८५६ मध्ये पॅरिसला जो तह झाला, त्यात तुर्की सुलतान आणि त्याची प्रजा यांच्यामध्ये कोणत्याही राष्ट्राने पडू नये, हे तत्त्व नमूद झाले. या तहाच्या जेमतेम दोन महिने आधी, फेब्रुवारी १८५६ मध्ये, नबाब वाजिद अली शाह प्रजेवर नीट राज्य करीत नाहीत या कारणास्तव इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले होते. सुलतानाच्या आणि त्याच्या प्रजेच्या मध्ये पडणे हा अपराध होता. नबाबाच्या आणि त्याच्या प्रजेच्या मध्ये पडणे हे कर्तव्य होते.

लखनौला हे कर्तव्य पार पाडणारे अधिकारी होते जेम्स औट्रम. १८४४ साली सामानगड आणि पन्हाळा यांच्यावर चालून गेलेल्या फौजांबरोबर तेच होते. गंमत अशी की, सिंधच्या मिरांवर १८४३ साली जो अन्याय झाला त्याला याच औट्रमनी उघड विरोध केला होता आणि लुटीतील आपला वाटा धर्मादाय कामाला देऊन टाकला होता. माणूस प्रामाणिक होता, पण यंत्रणा त्याच्या प्रामाणिकपणावर चालत नव्हती. अवधनंतर औट्रम इराणवरील स्वारीचे सेनापती झाले. इराणने अफगाणांचे हेरात घेतले, म्हणून अफगाणांच्या स्वातंत्र्यासाठी ते युद्ध होते. त्याच अफगाणिस्तानात १८३९ साली इंग्रजांनी स्वतः फौजा घालून आपल्या पसंतीचा अमीर बसविला होता. त्या स्वारीत औट्रमच्या हाताखाली आणखी एक अधिकारी होते, जॉर्ज ले ग्रँड जेकब. इराणहून ते १८५७ मध्ये परतले आणि त्यांची रवानगी कोल्हापूरला झाली.

कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ च्या रात्री कंपनीच्या २७ व्या पलटणीतील शिपायांनी रामजी शिरसाट यांच्या पुढाकाराने बंड केले. पण उठलेल्यांना शहराचा आश्रय मिळाला नाही. काही शिपाई घाटाकडे वळले, काहींनी शहरालगतच्या पागेत मोर्चा धरला. साताऱ्याहून लेफ्टनंट कर यांनी मूठभर स्वारांनिशी पावसापाण्यातून दौड मारली आणि तो मोर्चा मोडला. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ऑगस्टच्या मध्यावर जेकब येऊन पोहोचले, त्यांनी पलटणीची हत्यारे काढून घेतली आणि लष्करी न्यायालये बसवून देहदंडाच्या शिक्षा अमलात आणल्या. तरीही शहर शांत झाले नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री उठाववाल्यांनी शहराचे दरवाजे ताब्यात घेतले. जेकबनी दरवाजा फोडून आत प्रवेश केला, हाती सापडलेल्यांची तेथल्या तेथे चौकशी केली आणि तीसहून अधिक माणसांना देहान्त शिक्षा दिली. ज्या राज्याच्या राजधानीत हे घडले, त्या राज्याचे न्यायासन या साऱ्यात कोठेच नव्हते.

या उठावामागे राजवाड्यातील कोणाचा हात आहे याचा शोध जेकब घेत होते आणि त्यांची नजर चिमासाहेबांवर खिळली. बाबासाहेब महाराज सावध आणि मवाळ, तर धाकटे बंधू तेजस्वी आणि लोकप्रिय. उत्तरेतील उठाववाल्यांशी त्यांचे संधान असल्याचा, त्यांच्याकडे निरोप आणि माणसे येत असल्याचा संशय होता. तो संशय निराधार होता असे मानण्याचे कारण नाही. कोल्हापूरची परंपरा तर त्यांना वीर मानते ती याच संबंधांसाठी. पण प्रश्न संशय खरा की खोटा हा नाही. संशय खरा असेल तर तो सिद्ध करण्याची संधी होती, आणि इंग्रजी न्यायपद्धतीचा गौरव तर जगभर गायिला जात होता. दिल्लीच्या बहादूरशहांवर निदान खटल्याचा देखावा तरी झाला. चिमासाहेबांच्या बाबतीत तेवढेही आवश्यक वाटले नाही. १८५८ साली त्यांना राजबंदी म्हणून कराचीला धाडण्यात आले. थोरल्या बंधूंचे वर्तन सरकारला पसंत पडले. त्यांना १८६२ साली दत्तकाची सनद मिळाली आणि त्याच वर्षीच्या नव्या तहाने कारभाराचे काही अधिकार परत मिळाले. एकाच घरात एकाला बक्षीस आणि दुसऱ्याला हद्दपारी, अशी ही वाटणी होती.

हद्दपारीची जागाही अर्थपूर्ण आहे. कराची हे तालपूर मिरांचे बंदर. इंग्रजांनी ते १८३९ साली घेतले आणि १८४३ साली चार्ल्स नेपियरनी सगळा सिंध जिंकला. तेथल्या मिरांना पकडून परमुलखात ठेवले गेले आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या मुलखात कोल्हापूरचा राजपुत्र आणून ठेवला. साताऱ्याच्या प्रतापसिंहांची अखेर बनारसला झाली. दिल्लीच्या बादशहाची रंगूनला, जे ब्रह्मदेशाकडून १८५२ च्या युद्धात घेतले होते. आणि १८८५ साली उरलेला ब्रह्मदेश जिंकल्यावर त्याचा राजा थिबा रत्नागिरीला आणला गेला. प्रत्येक जिंकलेला प्रदेश पुढच्या जिंकलेल्या प्रदेशाच्या धन्याचा तुरुंग झाला. यांतील प्रत्येक स्वारीला स्वतंत्र कारण होते आणि प्रत्येक कारण कागदावर न्याय्य दिसेल असे होते. सगळी कारणे एकत्र मांडली म्हणजे मगच त्यांतील साम्य दिसू लागते.

राणीच्या १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याने देशी राजांशी झालेले तह पाळण्याचे, त्यांचा मान राखण्याचे आणि इंग्रज प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांखेरीज इतरांना क्षमा करण्याचे वचन दिले. अशा हत्येचा आरोप चिमासाहेबांवर कोणत्या न्यायासनापुढे ठेवला गेला नव्हता. तरी कराचीचे दार उघडले नाही. १८६४ च्या एप्रिलमध्ये इटलीचे मुक्तिवीर गॅरिबाल्डी लंडनला आले, तेव्हा त्यांना पाहण्यासाठी लाखो लोक रस्त्यांवर लोटले. परसत्तेच्या जोखडाविरुद्ध शस्त्र उचलणारा इटालियन हा त्या गर्दीचा लाडका वीर होता. त्याच आरोपावरून कराचीत सहा वर्षे अडकलेल्या मराठी राजपुत्राचे नाव त्या गर्दीत कितीजणांनी ऐकले असेल? १८६६ साली बाबासाहेब महाराज निपुत्रिक वारले. त्यांचे सख्खे बंधू हयात होते, पण बंदीत होते. गादीवर बहिणीचा मुलगा दत्तक म्हणून आला. चिमासाहेब त्यानंतर तीन वर्षांनी गेले. पंचगंगेचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

या दुटप्पीपणाला तत्त्वज्ञानाचा आधारही लवकरच मिळाला. जॉन स्टुअर्ट मिल हे स्वातंत्र्याचे थोर भाष्यकार. कंपनीच्या लंडन कचेरीत देशी संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार त्यांनी वर्षानुवर्षे हाताळला होता. डिसेंबर १८५९ मध्ये, म्हणजे चिमासाहेब कराचीला गेल्यानंतर वर्षभराने, त्यांनी परराज्यातील हस्तक्षेपावर एक निबंध प्रसिद्ध केला. सुधारलेल्या राष्ट्रांनी एकमेकांच्या अंतर्गत व्यवहारात ढवळाढवळ करू नये, पण रानटी समाजांना हा नियम लागू नाही, असा त्याचा आशय होता आणि अवध खालसा करण्याचे समर्थनही त्यात होते. सुधारलेला कोण आणि रानटी कोण, हे ठरविण्याचा अधिकार मात्र हस्तक्षेप करणाऱ्याकडेच राहिला. मणिपूरच्या प्रकरणानंतर १८९१ साली हिंदुस्थान सरकारने जाहीरच करून टाकले की, आपल्या आणि देशी संस्थानांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू नाहीत. जे व्यवहारात होते ते कायद्यात आले, एवढेच.

या सर्व हकिकतीवर एक आक्षेप घेता येईल आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बुवासाहेबांच्या स्वाऱ्यांनी शेजारची रयत नागवली गेली होती. राजवाड्यातील भांडणांनी प्रजा गांजली होती. आणि मराठी फौजांनीही इतरांच्या मुलखात जाताना तेथल्या रयतेची संमती घेतली नव्हती. बलिष्ठाने दुर्बलाच्या घरात शिरणे हा इंग्रजांचा शोध नव्हे. हे खरेच आहे. पण जुना स्वारीवाला आपल्या स्वारीला स्वारी म्हणत असे. कंपनीने तिला तहाची अंमलबजावणी म्हटले, रक्षण म्हटले, सुधारणा म्हटले. आणि कारभार वाईट असणे हे शिरकावाचे कारण मानायचे, तर ते सर्वांनाच लागू व्हायला हवे. रशियाच्या झारचा कारभार काही आदर्श नव्हता. म्हणून त्याला गादीवरून काढून कोणी कराचीला धाडले नाही. त्याच्यापाशी फौज होती.

पुढच्या शतकात साम्राज्ये गेली, संयुक्त राष्ट्रसंघ आला आणि सार्वभौम समानता सनदेत लिहिली गेली. तरी माप दोनच राहिले. १९५६ च्या एकाच पंधरवड्यात ब्रिटन आणि फ्रान्स सुएझवर उतरले आणि रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. दोन्ही बाजूंनी दुसऱ्याच्या आक्रमणाचा कंठशोष करून निषेध केला. १९६८ साली चेकोस्लोव्हाकिया, १९७९ मध्ये अफगाणिस्तान, १९८३ मध्ये ग्रेनाडा, १९८९ मध्ये पनामा, २००३ मध्ये इराक, २०२२ मध्ये युक्रेन. प्रत्येक वेळी कोणीतरी बोलावले होते, कोणाचे तरी रक्षण करायचे होते किंवा कोठलातरी धोका टाळायचा होता. तिबेटचा प्रश्न १९५० पासून तसाच आहे. यांपैकी प्रत्येक प्रसंग निराळा आहे आणि सगळे एकाच तराजूत सरसकट घालणेही बरोबर नव्हे. पण तराजू एकच असला पाहिजे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

येथे भारतालाही आपल्याकडे पाहावे लागते. १९५६ साली सुएझबद्दल भारताचा आवाज जितका तत्काळ आणि ठाम उठला, तितका हंगेरीबद्दल उठला नाही, आणि त्याबद्दल देशातही टीका झाली. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तेव्हा पाच वर्षांपूर्वी सुएझवर उतरलेल्या ब्रिटनने आणि फ्रान्सने भारताला बळाच्या वापराबद्दल उपदेश केला. तो उपदेश दांभिक होता. पण दुसऱ्याच्या दांभिकपणाने आपले मौन शुद्ध होत नाही. २०२२ साली युक्रेनच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रसंघात भारत तटस्थ राहिला. त्यामागे तेलाची, शस्त्रांची, शेजाऱ्यांची व्यवहारी गणिते होती, आणि अशी गणिते प्रत्येक राष्ट्राला मांडावीच लागतात. गणिताला तत्त्व म्हणू नये, इतकेच.

कारण चिमासाहेबांच्या आयुष्याने दिलेला धडा नेमका हाच आहे. त्यांच्यावरील अन्याय एका क्रूर अधिकाऱ्याच्या लहरीतून घडला नाही. ज्या जेकबनी त्यांना धाडले, त्यांनीच पूर्वी गिरनारचे अशोकाचे शिलालेख कष्टपूर्वक उतरवून घेतले होते. कलिंग जिंकल्याचा पश्चात्ताप ज्या लेखांत कोरलेला आहे, तेच हे लेख. इंग्लंडात दयाळू माणसे होती, न्यायप्रिय माणसे होती, हंगेरीसाठी आणि इटलीसाठी कळवळणारी हजारो माणसे होती. चिमासाहेबांना त्यांचा काही उपयोग झाला नाही, कारण त्या कळवळ्याला सीमा होती आणि त्या सीमेच्या पलीकडे कोल्हापूर होते. आज एखाद्या दूरच्या, लहानशा देशात परके सैन्य शिरले आणि शिरणारा आपला मित्र आहे म्हणून आपण गप्प बसलो, तर त्या देशातील माणसांच्या लेखी आपणही त्या गर्दीतलेच ठरतो. कोल्हापूरकरांनी आपल्या चिमासाहेब महाराजांचे स्मरण करताना एवढे ध्यानात ठेवले, तर कराचीतील ती अकरा वर्षे अगदीच वाया गेली असे म्हणता येणार नाही.